फिरत्या घरातून सोलापूरला येताना : आप्तांच्या भेटी आणि जुन्या जागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीतून निवृत्त झाल्यावर राहते घर भाड्याने देऊन किंवा विकून कॅम्पर व्हॅनमध्येच कायमचा संसार थाटणारी मराठी कुटुंबे आता रस्त्यावर अधूनमधून भेटू लागली आहेत. आम्ही उभयता त्यांपैकीच आहोत, आणि आमचे मूळ गाव सोलापूर असल्यामुळे दरवर्षी तिकडे फेरी होतेच. वाटेत भेटणारे प्रवासी आणि आमचेच नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती सोलापूरला धरून लिहिलेली असली, तरी ज्यांचे माहेर किंवा सासर बार्शीला, लातूरला किंवा विजयपूरला आहे, त्यांनाही त्यातील बरेचसे उपयोगी पडेल.

गाडीत स्वतःची गादी असताना नातेवाइकांच्या घरी मुक्काम करावा का?

निदान पहिली रात्र घरातच काढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुणा दारात येऊन घरात न झोपता अंगणातल्या गाडीत झोपला, की यजमानाला आपल्या पाहुणचारात काही उणे राहिल्यासारखे वाटते, आणि शेजारीपाजारी त्याची चर्चा होते ती वेगळीच. आमच्या थोरल्या वहिनींनी पहिल्या भेटीत विचारले होते, "भाऊजी, आतल्या खोलीत अंथरूण घातलंय, गाडीत कशाला झोपताय? आमचं घर लहान पडलं काय?" त्या प्रश्नात राग नव्हता, परंतु मन दुखावलेले होते हे निश्चित.

म्हणून हे बोलणे दारात पोहोचल्यावर न करता निघण्यापूर्वी फोनवर करावे, आणि ते घरातील कर्त्या स्त्रीशी करावे, कारण अंथरूण-पांघरुणापासून सकाळच्या चहापर्यंतचा सगळा भार तिच्यावर असतो. रात्री औषधांसाठी उठावे लागते, मुलांची परीक्षा आहे, दोन खोल्यांत सहा माणसे आहेत, अशी खरी कारणे मोकळेपणाने सांगितली तर ती पटतात. पहिली रात्र घरात काढून दुसऱ्या दिवशी "आजपासून झोपायला गाडीत, जेवायला मात्र घरात" असे सांगितले, की सहसा कोणी आग्रह धरत नाही. फिरत्या घराचा नात्यांना होणारा मोठा लाभ नेमका इथे आहे: पूर्वी दोन दिवसांत आटोपती घ्यावी लागणारी भेट आता पंधरा दिवसही चालू शकते, आणि त्या पंधरा दिवसांत कोणाची खोली अडत नाही.

गाडीच्या टाकीत पाणी भरण्यासाठी नातेवाइकांचा नळ वापरावा का?

सोलापुरात तरी वापरू नये. सोलापूरला भीमेवरच्या उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने पाणी येते, त्याला टाकळी आणि हिप्परग्याच्या तलावाची जोड आहे, आणि तरीही शहराच्या अनेक भागांत वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी सोडले जाते. ज्यांनी बालपण इथे काढले त्यांना पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्या दिवशी घरातील कोणी ना कोणी कामावर उशिरा जाते, हौद घासला जातो, पिंपे, बादल्या, हंडे आणि शेवटी पातेलीसुद्धा भरून ओळीने मांडली जातात, आणि पुढचा पाण्याचा दिवस येईपर्यंत तेवढ्यावर घर चालते. अशा घरातून एका वेळी शंभर-सव्वाशे लिटर पाणी गाडीत भरणे म्हणजे त्या कुटुंबाच्या साठ्यातले एक अख्खे पिंप उचलून नेणे होय, आणि भिडेपोटी कोणी नाही म्हणणार नाही, हे जाणूनच आपण ते मागू नये.

आमच्या गाडीतील टाकी १२० लिटरची आहे. काटकसरीने वापरल्यास दोघांना ती तीन दिवस पुरते. पुण्याकडून येताना टेंभुर्णी किंवा मोहोळच्या परिसरात, ज्या हॉटेलात जेवण होते तेथेच परवानगी घेऊन आणि योग्य ते पैसे देऊन टाकी भरून घ्यावी, म्हणजे शहरात शिरल्यावर लगेच पाण्याची विवंचना राहत नाही. पुढचे पाणी कोणाच्या शेतातील विहिरीवरून किंवा बोअरवरून घेता येते. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असल्यामुळे नळांच्या तोट्यांवर आणि गिझरमध्ये पांढरा थर साचतो, म्हणून भरताना पाइपला गाळणी लावावी आणि पिण्यासाठी वीस लिटरचे जार वेगळे घ्यावेत. ते शहरात सगळीकडे मिळतात.

आपल्या मुक्कामात पाण्याचा दिवस आला, तर त्या वेळी गाडीत बसून राहू नये. बादल्या उचलायला पुढे व्हावे. वहिनींशी जितक्या मनमोकळ्या गप्पा आमच्या अशा पहाटे नळाशी झाल्या आहेत, तितक्या दिवाणखान्यात कधी झाल्या नाहीत.

सोलापुरात गाडी उभी कुठे करावी?

हे तुमचे नातेवाईक कोणत्या भागात राहतात यावर अवलंबून आहे. जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता या भागांतील वसाहतींचे रस्ते बऱ्यापैकी रुंद आहेत आणि घरासमोर गाडी उभी राहू शकते, मात्र समोरच्या घराचे फाटक आणि कचरागाडीची वाट अडू नये. शुक्रवार पेठ, भवानी पेठ, साखर पेठ अशा जुन्या पेठांत मोठी गाडी नेण्याचा विचारही करू नये. तेथे गल्लीच्या रुंदीपेक्षाही उंचीचा प्रश्न अधिक बिकट असतो, कारण छतावर सौरपट्ट्या आणि एसी बसवलेल्या कॅम्परची उंची सहज दहा फुटांच्या आसपास जाते आणि लोंबकळणाऱ्या तारा, पुढे आलेले सज्जे व मांडवाच्या कमानी नेमक्या त्याच उंचीवर असतात. रेल्वेच्या बोगद्यांपुढील उंचीच्या आडव्या दांड्यांकडेही लक्ष ठेवावे. आपल्या गाडीची उंची मीटरमध्ये आणि फुटांत लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या समोर चिकटवून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

पेठेत राहणाऱ्या आप्तांना भेटायचे असल्यास गाडी शहराच्या कडेला ठेवून रिक्षाने जावे. लग्नाचा हंगाम नसताना मंगल कार्यालयांची मैदाने मोकळी असतात, आणि ओळखीच्या माणसाने शब्द टाकला तर व्यवस्थापक रखवालदारासह जागा देतात. हैदराबाद आणि पुणे रस्त्यांवरील लॉजच्या आवारातही रात्रीपुरते भाडे देऊन थांबता येते. जड वाहनांच्या प्रवेशावर शहरात वेळोवेळी निर्बंध असतात. आपले वाहन त्या वर्गात मोडत नसले तरी केवळ आकार पाहून पोलीस थांबवू शकतात, म्हणून नोंदणीचे कागद हाताशी ठेवावेत आणि शांतपणे दाखवावेत.

नातेवाइकांचे शेत आणि वस्ती असेल, तर त्याहून चांगला मुक्काम नाही. तेथे एकच पथ्य पाळावे, ते म्हणजे काळ्या रानात गाडी उतरवू नये. सोलापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि एका रात्रीच्या पावसाने काळी माती अशी चिकट होते की साडेतीन-चार टनांची गाडी जागची हलत नाही. मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि बांधाचेही नुकसान होते. मुरूम टाकलेले खळे किंवा गोठ्यासमोरची दबलेली जागाच निवडावी, आणि गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवावे.

घरातून वीजजोडणी घेतली तर चालते का?

चालते, परंतु स्वयंपाकघरातील साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधून नव्हे. सोळा अँपिअरचे सॉकेट, चांगले अर्थिंग आणि निदान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असेल, तरच जोडणी घ्यावी. जुन्या घरांतील अर्थिंग कित्येकदा नावापुरते असते, आणि धातूच्या गाडीच्या बाबतीत ते धोकादायक ठरते, म्हणून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. बॅटरी भरण्यापुरती वीज घेतल्यास घराच्या बिलावर फारसा परिणाम होत नाही. रात्रभर एसी चालवल्यास मात्र रोज पाच-सहा युनिट सहज जातात, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा घरातील लोक स्वतः कूलरवर भागवत असतात, तेव्हा पाहुण्याने त्यांच्या विजेवर एसी लावून झोपणे आम्हाला योग्य वाटत नाही.

विजेचे पैसे रोख देऊ करू नयेत, कारण ते कोणी घेत नाही आणि बोलणे मात्र अवघड होऊन बसते. जाताना घरात महिन्याचा किराणा भरून द्यावा, किंवा बंद पडलेला मिक्सर दुरुस्त करून आणावा.

सांडपाणी आणि शौचालयाच्या टाकीचे काय करावे?

भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी परवानगी घेऊन झाडांना घालता येते, मात्र त्यात तेलकट अंश आणि तीव्र साबण नसावा. शौचालयाची टाकी घरच्याच शौचालयात, घरातील लोक बाहेर गेलेले असताना रिकामी करावी आणि जागा स्वच्छ धुवून ठेवावी. उघड्या गटारात, ओढ्यात किंवा तलावाकाठी ती कदापि ओतू नये. ज्या घरांना सेप्टिक टँक आहे, तेथे फॉर्माल्डिहाइड असलेली रसायने टाकीत वापरू नयेत, कारण त्यांनी मैला कुजवणारे जिवाणू मरतात. जैविक पावडर वापरावी.

कोणत्या दिवसांत यावे?

हवामानाचा विचार केला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम होत. मार्चअखेरपासून पारा चाळिशीकडे सरकतो आणि मे महिन्यात तो ओलांडतो. पत्र्याच्या गाडीत दुपारी बारानंतर बसवत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच बसवू नये.

हिवाळ्यातही जानेवारीचा मध्य आम्हाला सर्वांत प्रिय आहे, कारण मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते आणि जगाच्या पाठीवर कुठेही असलेला सोलापूरकर त्या चार-पाच दिवसांत घरी येण्याची धडपड करतो. पांढऱ्या बाराबंदीतील भक्तांनी खांद्यावर पेललेले सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना होणारा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होम मैदानावरील पाळणे आणि शोभेचे दारूकाम, हे सारे पाहताना जे चुलत-मावस भाऊ एरवी वर्षानुवर्षे भेटत नाहीत, ते एकाच गर्दीत भेटतात. परंतु त्या दिवसांत मध्यवर्ती रस्ते बंद असतात आणि घरोघरी पाहुणे असतात, म्हणून गाडी शहराबाहेर ठेवण्याची व्यवस्था आधीच करावी. गाडीत झोपण्याची सोय याच दिवसांत यजमानांना खरोखर हवीहवीशी वाटते.

डिसेंबरपासून पुढे हुरड्याचे दिवस असतात. शेतात आगटी पेटवून ज्वारीची कोवळी कणसे भाजायची, हातावर चोळून गरम दाणे शेंगांच्या चटणीबरोबर खायचे, आणि त्यासाठी मळ्यात सगळे भावकीतले लोक जमवायचे, हा बेत फिरत्या घरवाल्यांनी स्वतः पुढाकार घेऊन ठरवावा.

आषाढी एकादशीच्या आधीच्या पंधरवड्यात पुण्याकडून येणाऱ्यांनी पालख्यांचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते, आणि तिच्या मुक्कामांच्या आसपास महामार्गावरची वाहतूक वळवली जाते. वारीत चालणारे आप्त असतील तर गोष्ट वेगळी. मग गाडी मार्गापासून दूर ठेवून त्यांना एखाद्या मुक्कामावर गाठावे, आणि जमल्यास त्यांचे पाय शेकण्यापुरते गरम पाणी करून द्यावे.

नातेवाईक पुष्कळ आहेत. सगळ्यांकडे जाणे होत नाही. कोणाला आधी भेटावे?

वयाने सर्वांत मोठे जे असतील त्यांना आधी, मग आजारी असतील त्यांना, आणि त्यानंतर ज्यांच्या घरी आपल्या गैरहजेरीत मृत्यू किंवा लग्न झाले असेल त्यांना. बाकीच्यांच्या भेटी मागेपुढे झाल्या तरी समजून घेतले जाते, या तिघांच्या बाबतीत मात्र घेतले जात नाही. "एका ठिकाणी सगळ्यांना बोलावून घेऊ" ही कल्पना सोयीची दिसते, पण ज्या आत्याबाईंचे गुडघे चालत नाहीत त्या येऊ शकत नाहीत, आणि नेमक्या त्यांनाच भेटायचे असते.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. आपण सदैव प्रवासात असल्यामुळे आपल्याला सोमवार आणि रविवार सारखेच असतात, परंतु ज्यांच्याकडे जायचे त्यांची दुकाने, पाळ्या, शिकवण्या आणि दवाखान्याच्या वेळा ठरलेल्या असतात. गाडीमुळे आपल्या हाती जो मोकळा वेळ आला आहे तो त्यांच्या सवडीने खर्च करावा, त्यांच्याकडून आपल्या सवडीची अपेक्षा करू नये. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर अर्धा तास बसून यावे, आणि ज्यांच्याशी खूप बोलायचे आहे त्यांच्याकडे असे दोन-तीनदा जावे. एका दिवसात सहा घरे उरकण्यापेक्षा हे फार बरे.

लहानपणीच्या जागा पुष्कळ बदलल्या आहेत. तेथे जाऊन काही मिळते का?

मिळते, पण काय पाहायला जात आहोत हे आधी ठरवावे लागते. गिरणगाव म्हणून जे सोलापूर आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे, ते आता तसे उरलेले नाही. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यांवर घरातील घड्याळे लावली जात, शाळेत निघण्याची वेळ त्यावरून कळे, आणि पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. भोंगे कधीच थांबले आणि गिरण्यांच्या जमिनींवर वस्त्या उभ्या राहिल्या. ज्यांचे वडील तेथे साच्यावर उभे राहून कामाला होते, त्यांनी तेथे एकट्याने जाण्यापेक्षा हयात असलेल्या एखाद्या जुन्या कामगाराला सोबत घेऊन जावे. कोणत्या बाजूला कोणते खाते होते, पगाराच्या दिवशी दारात कोण उभे असे, हे तो बोट दाखवून सांगतो, आणि आज समोर असलेल्या इमारतींच्या जागी जुने चित्र उभे राहते. ही माणसे आता थोडी राहिली आहेत, म्हणून आम्ही हे काम पुढे ढकलू नका असे सांगतो. त्यांची संमती असेल तर बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

सगळेच नाहीसे झाले आहे असेही नाही. पूर्व भागात शिरल्यावर यंत्रमागांचा खटखटाट अजून कानी पडतो, आणि त्याच गल्लीत एका दारातून तेलुगू, दुसऱ्यातून कन्नड आणि तिसऱ्यातून मराठी ऐकू येते. सकाळी लवकर सिद्धेश्वर मंदिरात जावे, तलावाच्या काठाने चालत भुईकोट किल्ल्याकडे यावे, आणि किल्ल्याच्या तटावरून पाण्यातले मंदिर पाहावे. ते दृश्य आमच्या शाळेच्या सहलीत होते तसेच आहे. तेथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपर्यंतचे अंतर थोडे आहे. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. गड्ड्याच्या यात्रेसाठी येणाऱ्यांचा मुक्काम बहुधा याच तारखेच्या आसपास सुरू होतो. नातवंडांना सोबत नेऊन ही चार नावे त्यांच्याकडून वाचून घ्यावीत. १९१० साली सोलापुरात जन्मलेले आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना १९४२ साली निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही मुलांना दाखवावे.

संध्याकाळसाठी विजापूर रस्त्यावरील संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, आम्हाला आवडतो. गाडी तेथे न नेता पायी किंवा रिक्षाने जावे.

विकलेला वडिलोपार्जित वाडा पाहायला जावे का?

जावे, परंतु आज तेथे राहणाऱ्या कुटुंबाला आधी निरोप देऊन. आपल्या आठवणींमुळे त्या घरावर आपला कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे मनाशी पक्के करून उंबरठा ओलांडावा. न विचारता छायाचित्रे काढू नयेत, "इथे आमचे देवघर होते, तुम्ही ते पाडलेत" असे बोलू नये, आणि बोलावल्याशिवाय आतल्या खोल्यांत जाऊ नये. सोबत पेढे न्यावेत. बहुतेक लोक आनंदाने बसवून घेतात आणि त्यांनाही घराची जुनी माहिती हवी असते: आड कोठे बुजवला, कोणत्या भिंतीत लाकूड आहे, पावसाळ्यात पाणी कोठून झिरपते. एवढे आपण त्यांना अवश्य सांगावे.

वृद्ध आई-वडिलांना किंवा आत्या-मावशींना गाडीतून फिरवून आणता येईल का?

आमच्या मते फिरत्या घराचा याहून चांगला उपयोग नाही. ज्यांना बस सोसत नाही आणि वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने जे कित्येक वर्षे गावाबाहेर पडलेले नाहीत, त्यांना गाडीतच शौचालय, पलंग आणि गरम चहा मिळाला की ते निर्धास्त होतात. अक्कलकोट सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, तेथे मोठे वाहनतळ आणि यात्री निवास आहेत, आणि सकाळी निघून दुपारचा महाप्रसाद घेऊन परतता येते. तुळजापूरही साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, मात्र तेथे मंदिरात उतरण्यासाठी पायऱ्या आहेत, म्हणून गुडघ्यांची अडचण असलेल्यांची व्यवस्था आधी विचारून ठेवावी. पावसाळ्यानंतर हैदराबाद रस्त्यावरील नळदुर्गला जाता येते, जेथे बोरी नदीचे पाणी किल्ल्यातील बंधाऱ्यावरून नर-मादी धबधब्यांच्या रूपाने कोसळते.

ज्यांना थोडे शांत ठिकाण हवे, त्यांना आम्ही हत्तरसंग कुडल सुचवतो. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील या प्राचीन मंदिरात इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि तो सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांपैकी एक मानला जातो. आमच्या मावशींना इतिहासाची फारशी आवड नाही, परंतु संगमावर गाडीचे दार उघडे टाकून, पाय खाली सोडून, त्या दोन तास नदीकडे पाहत बसल्या होत्या आणि आपल्या माहेरच्या नदीविषयी, जे आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते, असे पुष्कळ बोलल्या.

काही काळजी मात्र घ्यावीच लागते. गाडी चालू असताना कोणालाही पलंगावर झोपवू नये. पट्टा असलेल्या, समोर तोंड असलेल्या आसनावरच बसवावे. गाडीची पायरी उंच असते, म्हणून खाली ठेवायला एक रुंद, न सरकणारा पाट आणि दाराशी पक्की मूठ हवी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, तेव्हा गाडीतील फ्रिज खरोखर तेवढा थंड राहतो का, हे थर्मामीटर ठेवून आधी पाहावे. दवाखान्याची फाइल सोबत घ्यावी आणि त्यांच्या जेवणाची घरची वेळ चुकवू नये.

घरातील लहान मुलांना गाडीचे फार आकर्षण वाटते. त्यांना आत खेळू द्यावे का?

अवश्य द्यावे, पण गॅसची तोटी बंद करून, किल्ली काढून आणि एक मोठे माणूस आत बसवून. भाच्या-पुतण्यांपैकी एखाद्याला गाडीत झोपायचेच असते, आणि त्याच्या आईची परवानगी असेल तर ती हौस पुरवावी.

आहेर आणि शिदोरी गाडीत मावत नाही. नाही म्हणावे का?

शिदोरीला कधीही नाही म्हणू नये. सोलापूरची कडक भाकरी आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी यांच्याइतके प्रवासाला सोयीचे अन्न आम्हाला दुसरे ठाऊक नाही. पापडासारखी पातळ आणि कडक भाजलेली ज्वारी-बाजरीची भाकरी दमट हवेपासून जपली तर कित्येक दिवस टिकते, तिला फ्रिज लागत नाही की गॅस. ती मोडू नये म्हणून कापडात गुंडाळून उथळ डब्यात आडवी ठेवावी. शेंगापोळीही चार-आठ दिवस सहज राहते.

आहेराचे मात्र बोलून ठरवावे. वाहनाची भारक्षमता मर्यादित असते, आणि प्रत्येक घरातून एक चादर, एक टॉवेल आणि एक साडी मिळाली तर कपाट दोन दिवसांत भरते. आम्ही सर्वांना सांगितले आहे की सर्वांनी मिळून एकच चादर द्यावी. जाड सुती सोलापुरी चादर चालकाची जागा आणि मागचा कक्ष यांच्यामध्ये पडदा म्हणून लावली की उन्हाळ्यात पुढच्या काचेतून येणारी झळ आणि हिवाळ्यातील गारठा दोन्ही अडतात, म्हणजे दिलेली वस्तू रोज वापरात राहते आणि देणाऱ्यांना त्याचे समाधान असते.

आम्ही दूर असताना घरी काही वाईट घडले तर कसे पोहोचावे?

गाडी घेऊन धावू नये. अशा मनःस्थितीत सलग आठशे किलोमीटर मोठे वाहन चालवणे धोक्याचे असते. जेथे असाल तेथे सुरक्षित आवारात गाडी ठेवून रेल्वेने यावे. सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर असल्यामुळे सर्व दिशांनी गाड्या आहेत, आणि मुंबई-पुण्याकडून सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि २०२३ पासून वंदे भारतही आहे. यासाठी प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर जवळचे मोठे स्थानक कोणते आणि गाडी आठवडाभर कोठे ठेवता येईल, हे आम्ही पाहूनच ठेवतो.

दिवसकार्यासाठी नंतर गाडी आणायची झाल्यास ती दुःखाच्या घराच्या दारात उभी करू नये. गल्लीतील मुले भोवती जमतात, येणारे-जाणारे गाडीची चौकशी करतात, आणि ते त्या घराला शोभत नाही. ती दूर ठेवावी. भेटायला आलेल्या वडीलधाऱ्यांना दुपारी पाठ टेकायला मात्र ती उपयोगी पडते.

कागदपत्रांसाठी भावाचा किंवा मुलाचा पत्ता वापरावा का?

वापरता येतो, परंतु त्यांची स्पष्ट संमती घेऊन, आणि त्या पत्त्यावर आपली कोणकोणती पत्रे येणार आहेत हे त्यांना सांगून. आधारवरील पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलता येतो. गाडीचा विमा, बँक आणि निवृत्तिवेतन यांची पत्रे एकाच पत्त्यावर यावीत, आणि तेथील कोणीतरी ती उघडून छायाचित्र पाठवील असे ठरवून घ्यावे. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवरून चेहरा ओळख पद्धतीने देता येतो, त्यामुळे त्यासाठी गावी धाव घ्यावी लागत नाही. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी दुसऱ्या एकाच राज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. वाहनात पलंग, गॅस आणि टाक्या बसवून केलेला बदल नोंदणी प्रमाणपत्रावर आणि विम्यावर नोंदलेला आहे की नाही, हे सोलापूरच्या मुक्कामातच परिवहन कार्यालयात जाऊन तपासून घ्यावे, कारण पत्ता तेथला असल्यास ते काम तेथेच होते.